पाच शिक्के

९ नोव्हेंबर २००९, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. जुन्या वहीत पंचवार्षिक योजना आणि मूलभूत हक्क होते, ती कपाटावर टाकली. यूपीएससीची पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. तिसऱ्यांदा बसायचं तर दिल्लीत पोट भरता आलं पाहिजे, नाहीतर फलटणला जाऊन आईनं निवडून ठेवलेल्या स्थळांपुढे चहाचा ट्रे धरायचा. म्हणून मी, वैजयंती, आजपासून टीव्हीत कामाला लागले. पडद्यावर नाही, पडद्यामागे. पण इंदूमामीला तेवढंही पुरलं. तिनं आर. के. पुरममधल्या आमच्या जिन्यातल्या सगळ्या बायकांना कालच सांगून टाकलं आणि सकाळी डब्यात साबुदाण्याची खिचडी भरून दिली.

सातला ऑफिसची कॅब आली. यमुना ओलांडली की दिल्ली संपते आणि अर्धवट इमारती सुरू होतात. एक्सप्रेसवेच्या दोन्ही बाजूंना क्रेन, वीस-वीस मजल्यांचे सांगाडे, आणि फलकांवर पोहण्याच्या तलावात हसणारी गोरी कुटुंबं. आमचं ‘घर’ अशाच एका सेक्टरात आहे. तिथल्या रस्त्याला अजून नाव मिळालेलं नाही. बाहेरून पत्र्याची शेड, आत गुलाबी भिंतींचा बंगला, खिडकी एकही नाही. आत सहा स्पर्धक, सत्तर दिवस मुक्काम, चाळीस कॅमेरे. बाहेर आम्ही. मला भारी मजा वाटली.

११ नोव्हेंबर, बुधवार

काम समजलं. आठ ते चार हेडफोन लावून दोन पडद्यांपुढे बसायचं आणि तक्ता भरायचा. किती वाजता, कोण, काय केलं. शेवटच्या रकान्यात शिक्का. शिक्के पाचच आहेत: हसू, रडू, भांडण, प्रेम, वाया. तक्ता इंग्रजीत आहे, पण मी मनात मराठीच नावं ठेवलीत. एवढे तास कोण बघत बसणार, म्हणून एडिटिंगवाले फक्त शिक्का बघून चित्रण उचलतात. प्रेम असेल तर त्याखाली गाणं जातं. वाया असेल तर संध्याकाळी पुसलं जातं, कारण डिस्क कमी आहेत. शेजारच्या खुर्चीतला प्रतीक मेरठचा आहे, तीन वर्षं हेच करतो. तो म्हणाला की माणसाचं सगळं आयुष्य या पाचांत बसतं. मी विचारलं की झोप कशात बसते. म्हणाला, वायात.

घरात फक्त हिंदी बोलायचं असा नियम आहे. दुसऱ्या भाषेतलं काहीही ऐकू आलं की न ऐकता वाया.

सहांतली एक मराठी निघाली. सुनयना. तेवीस वर्षांची, वडील फौजेत सुभेदार, जन्म दिल्ली कँटोन्मेंटमधला. बाकीचे जिममधून सुटून आल्यासारखे आहेत, ही घरातून आल्यासारखी आहे. स्वयंपाक तिच्याकडे आलाय आणि ती कुकरशी मराठीत बोलते. ‘शिट्टी दे ना यार, किती भाव खातोस,’ म्हणाली. उलथन्याला ती पलटा म्हणते. झाऱ्याला काय म्हणतात हे तिला आठवेना, तेव्हा मी इकडे कंट्रोल रूममध्ये एकटीच मोठ्यानं ‘झारा’ म्हणाले. मग नियमाप्रमाणे वायाचा शिक्का मारला. कुकरही वाया गेला.

१४ नोव्हेंबर, शनिवार

मेट्रो नोएडापर्यंत आली म्हणून मामा खूश आहेत. आमच्या सेक्टरापर्यंत ती माझ्या हयातीत येईलसं वाटत नाही.

आज पहिला वाद झाला. स्पर्धकांत राजवीर म्हणून एक उंच, देखणा मुलगा आहे. जेवणानंतर सोफ्यावर त्यानं सुनयनाच्या खांद्यावर हात टाकला. तिनं हसत काढला. त्यानं पुन्हा टाकला. तिनं पुन्हा काढला आणि हिंदीत म्हणाली की राजवीर, प्लीज, मत करो, मला आवडत नाही. सगळे हसले. तीही हसली, पण मग उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

याला काय शिक्का मारायचा ते कळेना. भांडण नव्हतं, रडूही नव्हतं. प्रतीकनं माझ्या खुर्चीवरून वाकून बघितलं आणि सांगितलं की हे तर बिल्कुल प्रेम आहे, पहिल्या आठवड्यात असाच रुसवाफुगवा असतो. मी म्हटलं, ती नको म्हणतेय. तो म्हणाला, नकोचा शिक्का कुठाय? खरंच नव्हता. मी प्रेम मारलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

काल रात्री नऊला तो भाग लागला. सुनयनाचं ‘मत करो’ संथ करून तीनदा दाखवलं, खाली बासरी. इंदूमामीनं गालाला हात लावून ‘अच्छा, म्हणजे जमतंय’ म्हटलं. मला अभिमानही वाटला, कारण तो तुकडा मी निवडलेला. हे लिहिताना लाज वाटते.

स्पर्धकांनाही रविवारी त्यांची गाजलेली दृश्यं दाखवतात. आज सकाळी ते चित्रण माझ्याकडे आलं. बाकीचे शिट्ट्या मारत होते. सुनयना पडद्याकडे बघत होती. स्वतःचं ‘मत करो’ बासरीवर तीनदा ऐकल्यावर तिनं ओठ मिटून घेतले. नंतर ती दिवसभर हिंदीत फारसं बोललीच नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बाकीचे व्यायाम करत होते. सुनयना पलंगावर पडली होती. राजवीर येऊन तिच्या पांघरुणात शिरला, मस्करीत. ती भिंतीकडे सरकली आणि हळू, अगदी स्पष्ट मराठीत म्हणाली, ‘नको. हात काढ. मला नकोय हे.’

त्याला शब्द कळले नसतील. पण तो आवाज कळायला भाषा लागत नाही. त्यानं हात काढला नाही. शेवटी तीच उठली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून बसली.

मी माईकचा आवाज पुन्हा ऐकला. मग माझ्या लक्षात आलं की ती मुद्दाम मराठीत बोलते आहे. हिंदीत नको म्हटलं तर त्याचं प्रेम होतं. मराठीतल्या नकोचं निदान प्रेम तरी होणार नाही.

शिक्का वाया. नियम तोच आहे. प्रतीक म्हणाला की तुझा हात आता बसलाय.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज ती आरशापुढे वेणी घालत होती. तोंडात रबर, डोळे सरळ कॅमेऱ्यात. कुणी बघणाऱ्याला वाटावं की गुणगुणतेय. ती म्हणत होती, ‘तिकडे कुणी मराठी असेल तर ऐका. मी दोनदा आतल्या खोलीत जाऊन शोवाल्यांना हिंदीत सांगितलं, त्यांनी जोडी छान दिसते म्हणून परत पाठवलं. मला इथून जायचंय. माझ्या बाबांना फोन करा. सुभेदार संपतराव. ते जीप घेऊन येतील, त्यांना फक्त कळायला पाहिजे.’ मग नंबर सांगितला. दोनदा सांगितला, आकडे सुटे करून, जसं म्हाताऱ्या माणसाला सांगतात.

मी नंबर उतरवून घेतला. इथेच, वहीच्या मागच्या पानावर.

घरी मामांना आडून विचारलं. समजा गोपनीयतेच्या कागदावर सही केली असेल आणि तरी बाहेर काही सांगितलं तर? ते मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. म्हणाले की सही केली म्हणजे वाचूनच केली असणार, आता प्रश्न उरतोच कुठे. तनेजा मॅडम, आमच्या प्रमुख, त्यांचंही हेच वाक्य आहे. सुनयनानं सत्तर दिवसांच्या सगळ्याला होकार देऊन सही केली आहे, आता रोज वेगळा होकार कुठून आणायचा. 

मी फोन केला नाही. सोमवारी करीन. चित्रण वाया केलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सोमवारी केला नाही. आज काहीतरी बिघडलंय.

सुनयनाचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. माईकवाल्यानं बॅटरी बदलली, माईक बदलला. बाकी सगळं ऐकू येतं, तिच्या बांगड्यासुद्धा. फक्त तिचं बोलणं नाही. नवल म्हणजे घरातलं कुणी तिला ‘काय म्हणालीस’ असं विचारत नाही. ती बोलते, तोंडं दुसरीकडे वळलेली असतात. दुपारी तिनं मोठ्यानं ओरडून बघितलं असावं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या मी पडद्यावर पाहिल्या. राजवीर शेजारी बसून पिस्ते सोलत होता.

प्रतीकला सांगितलं. त्यानं तिचे सकाळपासूनचे सगळे तास एका झटक्यात वाया केले. आवाज नाही तर ठेवून काय करायचं, म्हणाला.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिनं त्याचा हात ढकलला. दोन्ही तळव्यांनी, सगळा जोर लावून. हात हलला नाही. त्यानं धरून ठेवला असं नव्हतं, त्याला काही जाणवलंच नव्हतं. वाऱ्यानं ढकलावं तसं.

मी तक्ता मागे नेला. पंधरवड्यात मी किती ठिकाणी वाया मारला ते बघितलं. आधी तिचं मराठी. मग आवाज गेला. काल मी तिचं ढकलणं वाया केलं होतं, कारण त्यात संवाद नव्हता, आणि आज ढकलणं गेलं. आम्ही इथून जे पुसतो ते नुसतं चित्रणातून जात नाही. तिच्यातूनच जातंय.

आधी हसू आलं. मग ओकारी झाली. तनेजा मॅडमना तब्येतीचं सांगून कॅबमध्ये येऊन बसले. घरी आल्यावरही फोन केला नाही, कारण आता फोन करून काय सांगणार होते, ते सुचेना. हे कारण मी शोधून काढलंय, मला माहीत आहे.

२८ नोव्हेंबर, शनिवार

काल रजा होती. आज सकाळी ओट्यावर पाच कप.

मी मोजले. पाच कप, पाच माणसं. सगळे कॅमेरे फिरवून पाहिले. प्रतीकला विचारलं, सुनयना कुठाय. तो म्हणाला, कोण? मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं स्पर्धकांची यादी दाखवली, पाच नावं. मग घरचे फोटो, पलंग, टॉवेल, सगळं पाच. कालचे तिचे आठ तास कुणी वाया केले ते तक्त्यात लिहिलेलं असतं, पण त्या ओळीच नव्हत्या.

मग दुपारी मी सोफा पाहिला. राजवीर बसला होता, एक हात लांब करून, शेजारच्या रिकाम्या जागेवर. हात सोफ्याच्या पाठीवर नव्हता. त्याच्या वर, हवेत, कशावर तरी टेकला होता. कोपरातून वाकलेला. खाली उशी दबलेली होती. ती उशी मधूनच सरकायची, त्याच्यापासून लांब, इंच इंच. आणि त्याचा हात तिच्यामागे जायचा.

त्यालाही माहीत नाही की त्याचा हात कशावर आहे.

ती तिथेच आहे.

३० नोव्हेंबर, सोमवार

फोन केला. आज केला.

सुभेदार संपतराव. खर्जातला, भला आवाज. म्हणाले, ताई, नंबर चुकला तुमचा, आम्हाला मुलगी नाही. मी नाव सांगितलं, वय सांगितलं, ती कुकरशी बोलते तेही सांगितलं. ते ऐकून घेत होते. मागून त्यांच्या बायकोनं, ठकूबाईंनी, कोण आहे म्हणून विचारलं.

मग ते स्वतःहूनच म्हणाले की आमच्या क्वार्टरमध्ये दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा आहेत, पेन्सिलीनं केलेल्या, पार खांद्यापर्यंत. आधीच्या कुणा फौजीच्या मुलीच्या असतील. दर पोस्टिंगला असं काही ना काही मागे राहिलेलं सापडतं. पण रंगकाम करणारा आला तेव्हा हिनं तेवढी चौकट रंगवू दिली नाही. का, ते हिलाही सांगता येत नाही. पेन्सिल धरून तिथेच उभी राहते.

त्यांनी विचारलं की ताई, तुम्ही रडताय का. मी ठेवून दिला.

नऊ दिवस उशीर. एकवीस तारखेला ते जीप घेऊन आले असते.

१ डिसेंबर, मंगळवार

तक्त्यात नवी ओळ घातली. तारीख, वेळ, सुनयना. शेवटच्या रकान्यात सहावा शिक्का टाइप केला — नकार. यंत्र घेत नाही. पाचांपैकी एक निवडा म्हणतं. पुन्हा टाइप केला. चाळीसदा केला असेल.

तनेजा मॅडम मागे उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की नव्या मुलांना होतं असं, बेटा, घरी जा, झोप. मी खांदा काढून घेतला. त्यांनी हात पुन्हा ठेवला.

मला तिचा चेहरा नीट आठवत नाही — गाल कसे होते — वही वाचल्यावर थोडा येतो. रोज वाचते. वहीत शिक्के नाहीत.

३ डिसेंबर, गुरुवार

कॅमेऱ्यांत नसली तरी डोळ्यांना दिसेल म्हणून आज पहिल्यांदा आतल्या गल्लीत गेले. घराच्या भिंतीतले आरसे आमच्या बाजूनं नुसती काच आहेत. मागे काळा बोळ. आत उजेड, बोळात अंधार, म्हणून आम्हाला ते दिसतात आणि त्यांना फक्त स्वतःचं तोंड. दिवा लावायचा नाही हा तिथला सगळ्यात मोठा नियम.

काही दिसलं नाही. पण पलंगाच्या बाजूच्या आरशावर आतून तळवे उमटले होते. दोन. पुसले जात होते, पुन्हा उमटत होते — खाली, वर, पुढच्या आरशावर —

दार शोधत होती.

मी काचेला हात लावला. गार. तिला काय दिसत असेल? काहीच नाही. तिचं तोंड तरी दिसतं का?

५ डिसेंबर, शनिवार. दुपार

स्पर्धकांना मैदानी खेळासाठी बसनं नेलंय. पाच जण. घर रिकामं, आतले दिवे बंद. मी बोळात आहे. सोबत वही, पेन, मामांच्या स्कूटरच्या डिकीतली बॅटरी. ती लावली आहे.

आता उलटं झालंय. अंधार तिकडे, उजेड माझ्यावर. मला फक्त काळी काच दिसते आणि तीत मी. तिकडून मी दिसत असणार. पहिल्यांदाच —

काचेवर आतून वाफ आली. श्वासाची. तोंडाच्या उंचीवर. माझ्या समोर थांबली. बघतेय मला.

बोट फिरतंय. अक्षरं माझ्या बाजूनं उलटी. सावकाश लावली —

ऐकू येत होतं का

काच जाड आहे, आवाज जात नाही. पान धरूनच दाखवावं लागेल. नाही असं लिहिलं तर तिला बरं वाटेल. कुणाला ऐकूच आलं नाही, म्हणून कुणी आलं नाही. मलाही बरं —

नाही लिहिलं. खोडलं.

वाफ विरतेय. ती पुन्हा श्वास सोडतेय, तीच अक्षरं पुन्हा काढतेय. थांब. लिहिते.

सुनयना, येत होतं. पहिल्या दिवसापासून. कळतही होतं. तिथे माझ्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं, तुझ्या बाबांचा नंबर माझ्याजवळ होता, आणि तरी मी